मधल्या दिवसाचे नाव

इटियाडोहच्या लाभक्षेत्रात ‘पाळी’ हा शब्द चारचौघांत मोठ्याने उच्चारला जातो. गाढवी नदीवरचे हे मातीचे धरण १९७० साली बांधून झाले आणि त्याचे कालवे अर्जुनी मोरगाव तालुक्यातून पुढे भंडारा व गडचिरोली जिल्ह्यांतील धानाच्या बांध्यांपर्यंत गेले. तेव्हापासून पाण्याची पाळी हा येथील सार्वजनिक चर्चेचा विषय आहे. पाळी केव्हा सुटणार, कालव्याच्या शेवटच्या टोकाला ती पोचणार की नाही, उन्हाळी धानाला किती पाळ्या मिळणार, यावर चहाच्या टपरीवर आणि पाणीवापर संस्थेच्या बैठकीत वाद झडतात. सिंचन खात्याच्या परिभाषेत तर ‘शेजपाळी’ असा एक सुंदर शब्द आहे. त्याचा अर्थ ठरलेल्या क्रमाने, एका शेतानंतर शेजारच्या शेताला पाणी. हाच ‘पाळी’ शब्द घरात शिरला की त्याची कुजबुज होते. मराठीच्या दोन अध्यापकांचे या दोन पाळ्यांमधल्या अंतराकडे लक्ष जावे, यात नवल नाही. परंतु आमचे लक्ष तिकडे अभ्यासापोटी गेले नव्हते, गरजेपोटी गेले होते, एवढे आरंभीच सांगितलेले बरे.

मूल व्हावे म्हणून स्त्रीच्या पाळीचे दिवस मोजणे आणि त्यांतून गर्भधारणेला अनुकूल असे दिवस हेरणे, हा या लेखाचा विषय आहे. साहित्याची चर्चा करणाऱ्या पानावर तो कितपत शोभतो, असे काही वाचकांना वाटेल. आमचे म्हणणे असे की, हा प्रश्न जितका वैद्यकाचा आहे तितकाच शब्दांचाही आहे. ज्याला नाव नाही ते मोजता येत नाही, आणि मोजताना ज्याविषयी बोलता येत नाही त्याचे ओझे एकट्याच्या, बहुधा एकटीच्या, डोक्यावर राहते.

मराठीने स्त्रीचे शरीर दिवसांनी मोजले आहे. गर्भ राहिला की ‘दिवस गेले’ म्हणतात आणि ‘दिवस राहिले’ असेही म्हणतात. जाणे आणि राहणे ही एरवी परस्परविरोधी क्रियापदे येथे एकच अर्थ देतात. प्रसूती जवळ आली की ‘दिवस भरले’. पाळी आली नाही तर ‘महिना चुकला’. पाळीच्या चार दिवसांसाठी तर शब्दांची रेलचेल आहे : बाहेरची होणे, दूर बसणे, कावळा शिवणे, अडचण, विटाळ. म्हणजे महिन्याच्या आरंभासाठी भाषेजवळ नावे आहेत आणि महिना उलटल्यावर काय झाले हे सांगणारे वाक्प्रचारही आहेत. मधल्या दिवसाला, ज्या दिवशी स्त्रीबीज बाहेर पडते आणि ज्यावाचून पुढचे काहीच घडत नाही त्या दिवसाला, घरात बोलला जाणारा एकही शब्द नाही. पाठ्यपुस्तकांत ‘अंडोत्सर्ग’ आहे, ‘बीजमोचन’ आहे. सोनोग्राफीच्या खोलीत ‘अंडे फुटले’ असे म्हणतात. ते ऐकताना काही घडण्याऐवजी काही बिघडले आहे असाच भास होतो.

आम्हांला या शब्दाची गरज पडली तेव्हा आमच्यातल्या तिचे वय सदतीस होते आणि त्याचे एकोणचाळीस. उशीर का झाला, हे या पानाच्या वाचकांना फार समजावून सांगावे लागणार नाही. एम.ए., मग नेट-सेट, मग तासिका तत्त्वावरची वर्षे. एका महाविद्यालयात सकाळचे तास, दुसऱ्यात दुपारचे. उन्हाळ्याच्या सुटीत मानधन नाही. कायम नेमणूक झाल्यावर लग्न, असे दोन्ही घरांनी ठरवले होते. नेमणुका पुढे ढकलता येतात. स्त्रीबीजांचे तसे नसते. मुलगी जन्माला येते तेव्हा तिच्या बीजकोशांत दहा ते वीस लाख बीजे असतात, वयात येईपर्यंत त्यांतली तीन-चार लाख उरतात, आणि उभ्या आयुष्यात त्यांतली जेमतेम चारशेच्या आसपास बाहेर पडतात. पस्तिशीनंतर त्यांची संख्या आणि गुणवत्ता दोन्ही झपाट्याने उतरू लागतात. हे सारे आम्हांला चाळिशीच्या उंबरठ्यावर कळले. ज्या भाषेत आम्ही वाढलो तिने ते आधी सांगितले नव्हते.

आता त्या मधल्या दिवसाविषयी. ‘चौदावा दिवस’ ही समजूत सर्वत्र आहे आणि ती बहुतेकांच्या बाबतीत तंतोतंत खरी ठरत नाही. बीज बाहेर पडल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ साधारणपणे चौदा दिवसांचा असतो. बदलतो तो त्याआधीचा काळ. त्यामुळे चोवीस दिवसांचे चक्र असेल तर हा दिवस दहावा, अठ्ठावीसचे असेल तर चौदावा आणि पस्तीसचे असेल तर एकविसावा असू शकतो. आमच्या भागातील शेतकरी हे तत्त्व वेगळ्या ठिकाणी नित्य वापरतो. हलके धान लवकर निसवते, भारी धान उशिरा. दोहोंना एकाच नक्षत्राचा हिशेब तो लावत नाही. बीज बाहेर पडल्यानंतर बारा ते चोवीस तास टिकते. पुरुषबीज मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकते. १९९५ साली अमेरिकेत अॅलन विल्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२१ स्त्रियांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात गर्भधारणा झाली ती केवळ सहा दिवसांत, म्हणजे बीज बाहेर पडण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस. दुसऱ्या दिवशीच्या संबंधातून एकही गर्भ राहिला नाही. आणि सर्वांत अनुकूल दिवशीही शक्यता तीनात एकाहून अधिक नव्हती.

हा शेवटचा आकडा आम्ही पुष्कळदा एकमेकांना सांगितला आहे. दिवस बरोबर साधला तरी तीनपैकी दोन वेळा काहीच घडणार नाही, आणि ते तरुण, निरोगी जोडप्यांच्या बाबतीत. अपयश हा येथे नियम आहे. परंतु स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर लाल शाईने केलेल्या खुणेला हे समजावता येत नाही.

मोजण्याच्या रीती अनेक आहेत आणि आम्ही बहुतेक करून पाहिल्या. पहाटे अंथरुणातून उठण्यापूर्वी तापमान घ्यायचे. बीज बाहेर पडल्यानंतर ते अर्ध्या ते एक अंश फॅरनहाइटने चढते. म्हणजे दिवस हातचा गेल्यावर तो आला होता हे कळते. औषधांच्या दुकानात मिळणारी पट्टी लघवीतल्या एका संप्रेरकाची वाढ दाखवते. ती वाढ सुरू झाली की साधारण दीड दिवसात बीज सुटते. आणखी एक खूण शरीर स्वतःच देते. त्या दिवसांत योनिस्राव पातळ, पारदर्शक आणि कच्च्या अंड्यातील बलकाभोवतीच्या पांढऱ्या भागासारखा ताणला जाणारा होतो. ऑस्ट्रेलियातील जॉन आणि एव्हलिन बिलिंग्ज या डॉक्टर दांपत्याने या खुणेवर आपली पद्धत उभी केली. ही खूण फुकट आहे, प्रत्येक स्त्रीच्या देहावर दर महिन्याला उमटते. तरी आमच्यातल्या तिला ती सदतिसाव्या वर्षी एका पुस्तकातून समजली. तिच्या आईला, आजीला ती दिसत असणारच. पण विटाळाखेरीज दुसरे काही बोलायचे नाही असे ठरले की ज्ञानही तोंडातल्या तोंडात राहते.

या मोजणीचा घरावर काय परिणाम होतो, याची नोंद साहित्यात आम्हांला फारशी सापडली नाही. पट्टीवरची दुसरी रेघ गडद झाली त्या दिवशी आमच्यातला तो विद्यापीठाच्या मूल्यांकनासाठी नागपुरात असे, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षेचे पर्यवेक्षण असे. जे आपल्या ओढीने घडावे ते वेळापत्रकाने घडू लागले. संध्याकाळी जेवताना दोघेही एकमेकांशी जरा अधिक सौजन्याने बोलत असू, आणि त्या सौजन्यानेच दिवस कोणता आहे ते कळे. बीजाची वाढ पाहण्यासाठी गोंदिया-बल्लारशाह मार्गावरच्या गाडीने शहर गाठायचे. नवव्या, अकराव्या, तेराव्या दिवशी रजेचा अर्ज, कारण ‘घरगुती’. खोलीच्या भिंतीवर गर्भलिंगनिदान होत नसल्याची कायद्याने आवश्यक असलेली पाटी. गर्भच नसलेल्या माणसांनी ती पाटी वाचत तास-तास बसायचे. आणि घरी परतल्यावर शेजारच्या आजी आपुलकीने विचारणार, “मॅडम, यंदा तरी काही?”

येथे आम्हांला आपल्याच परंपरेतला एक शब्द आठवला, आणि तो आठवल्यावर आम्ही थोडे चकितही झालो. तो शब्द म्हणजे ऋतू. मराठीने हा शब्द हवापाण्यासाठी ठेवला, परंतु संस्कृतात तो स्त्रीच्या अनुकूल काळाचेही नाव होता. ऋतुमती, ऋतुस्नाता, ऋतुकाल हे शब्द आपण अर्थ न विचारता वाचत आलो. सुश्रुतसंहितेत गर्भधारणेसाठी चार गोष्टी सांगितल्या आहेत : ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज. योग्य वेळ, चांगली जमीन, पाणी, बियाणे. धान पिकवणाऱ्या मुलखात याचे स्पष्टीकरण करावे लागत नाही. सुश्रुताने हा काळ बारा रात्रींचा मानला आणि तो संपल्यावर, दिवस मावळताना कमळ मिटावे तसा गर्भमार्ग मिटतो, अशी उपमा दिली. मनुस्मृतीत सोळा रात्री आहेत, त्यांतल्या पहिल्या चार निषिद्ध. आजच्या ज्ञानाशी ताडून पाहिले तर पुष्कळ स्त्रियांचा मधला दिवस या रात्रींत येतो. निरीक्षण होते, हे मान्य केले पाहिजे.

परंतु या शब्दाबरोबर आणखीही काही आले. सम रात्री पुत्र आणि विषम रात्री कन्या, हे मनुस्मृतीतच आहे. वर उल्लेखिलेल्या १९९५च्या अभ्यासात संबंधाच्या दिवसाचा बाळाच्या लिंगाशी काहीही संबंध आढळला नाही; ते पुरुषबीजातील गुणसूत्रावर ठरते. पराशरस्मृतीने तर ऋतुकाळात पत्नीकडे न जाणाऱ्या पतीला भ्रूणहत्येचे पाप सांगितले. म्हणजे दिवसाचे ज्ञान लगेच दिवसाची आज्ञा झाले. आमच्या दिनदर्शिकेवरच्या लाल खुणेचे काही वेगळे झाले होते काय? आज्ञा देणारे शास्त्र बदलले होते, इतकेच.

या गणिताचा आधुनिक इतिहास दोन माणसांच्या संदर्भात आम्हांला नेहमी आठवतो. दोघेही १८८२ साली जन्मले. जपानातील नीगाता या भातासाठी प्रसिद्ध असलेल्या प्रांतात क्यूसाकू ओगिनो हे डॉक्टर होते. पुढच्या पाळीच्या आधी साधारण दोन आठवडे बीज सुटते, हे त्यांनी १९२४ साली मांडले. काही वर्षांनी ऑस्ट्रियातील हेर्मान क्नाउस यांनी स्वतंत्रपणे तेच सांगितले. जगाने या शोधाचा उपयोग मूल टाळण्यासाठी केला. ओगिनो यांना तो मान्य नव्हता. ही गणना मूल हवे असणाऱ्यांनी वापरावी, टाळण्यासाठी ती भरवशाची नाही, असे त्यांचे मत होते. दुसरे रघुनाथ धोंडो कर्वे, मुंबईत गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालवले. नोकरी गेली, अश्लीलतेचे खटले झाले, त्यांपैकी १९३४च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. रघुनाथराव आणि मालतीबाई यांनी विचारपूर्वक मूल होऊ दिले नाही.

मूल हवे असणाऱ्या जोडप्याने कर्व्यांकडे वळावे, हे विसंगत वाटेल. तरीही आम्हांला आधार मिळाला तो त्यांच्याकडूनच. शरीराविषयी सरळ, कोरड्या, लाज न बाळगणाऱ्या मराठीत लिहिता येते, वाचकाच्या खासगी प्रश्नाला छापील उत्तर देता येते, हे त्यांनी सव्वीस वर्षे दाखवले. त्यांचा विषय आमच्या उलटा होता, भाषा मात्र आम्हांला हवी होती तीच होती.

स्वतंत्र भारताच्या सरकारनेही ही गणना करून पाहिली. १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या वतीने डॉ. अब्राहम स्टोन आले, आणि दिल्लीची लोदी वसाहत व म्हैसूर राज्यातील रामनगरम येथे स्त्रियांना रंगीत मण्यांच्या माळा देण्यात आल्या. रोज एक मणी सरकवायचा. हिरवा असेल तर धोका नाही, लाल असेल तर दूर राहायचे. प्रयोग फार चालला नाही. त्या माळेविषयी वाचताना आमच्या मनात एकच प्रश्न आला : ती बायकांच्याच हाती का दिली? संबंध दोघांचा, मूल दोघांचे आणि मणी सरकवायचा एकटीने.

हा प्रश्न पुन्हा शब्दांकडे नेतो. ‘वांझ’ या शब्दाला मराठीत पुल्लिंगी जोड नाही. ‘नपुंसक’ म्हणजे वेगळेच काही. संबंधास समर्थ असलेल्या पुरुषाचे बीज दुर्बळ असू शकते, या साध्या गोष्टीला बोलीत नाव नाही. वस्तुतः मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचे कारण पूर्णतः वा अंशतः असते. ज्या डॉक्टरांकडे आम्ही प्रथम गेलो त्यांनी तिच्या रक्ताच्या, सोनोग्राफीच्या, गर्भनलिकांच्या अशा सगळ्या तपासण्या आधी लिहून दिल्या. वीर्यतपासणी सर्वांत सोपी, स्वस्त आणि वेदनारहित. ती यादीत शेवटी आली, तीही आम्ही विचारल्यावर. आम्ही समीक्षकही या शब्दाबाबत निष्पाप नाही. निष्फळ वादाला आपण सर्रास ‘वांझोटी चर्चा’ म्हणतो, सर्जनाला ‘प्रसववेदना’. गेल्या काही वर्षांत आमच्या वर्गांतून पहिला शब्द गेला आहे. विद्यार्थ्यांच्या ते लक्षातही आलेले नाही.

आमच्या तपासण्यांत दोष सापडला नाही. वैद्यकात याला कारण न कळलेले वंध्यत्व म्हणतात. तिसऱ्या वर्षी दिवस राहिले. सातव्या आठवड्यात ते गेले, आणि त्या वेळी ‘दिवस गेले’ या शब्दांचा दुसरा, वाच्य अर्थ आम्हांला प्रथमच समोर दिसला. त्या काळाविषयी याहून अधिक लिहावेसे वाटत नाही. पुढे दीड वर्ष मोजणी चालू राहिली. टेस्ट ट्यूब बाळाचा मार्गही डोळ्यांसमोर होता. १९८६ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून असे बाळ जन्मले, तेव्हा आम्ही बालवाडीच्या वयाचे होतो. वय, खर्च आणि यशाचे प्रमाण यांचा हिशेब करून आम्ही त्या वाटेला गेलो नाही. आज ती त्रेचाळीस वर्षांची आहे, तो पंचेचाळीस. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर आता फक्त गॅसच्या आणि दुधाच्या नोंदी असतात. दत्तकविधानाच्या २०२२च्या नियमांत दांपत्याच्या वयांची बेरीज पाहतात. आमची अठ्ठ्याऐंशी भरते, आणि त्या बेरजेला दोन ते चार वर्षांचे मूल मिळू शकते. ही नवी मोजणी आम्ही दोघे मिळून करतो, आणि तिच्याविषयी आजींशीही बोलतो.

जे आज या वाटेवर आहेत, आणि आमच्या वाचकांत तसे तरुण अध्यापक असणारच, त्यांना दोन-चार उपयोगाच्या गोष्टी सांगणे आमचे कर्तव्य आहे. दिवस अचूक हेरण्याचा अट्टहास लागत नाही. दोन-तीन दिवसांच्या अंतराने संबंध राहिला तर तो सहा दिवसांचा काळ आपोआप साधला जातो. स्त्रीचे वय पस्तिशीच्या आत असेल तर वर्षभर आणि पुढे असेल तर सहा महिने वाट पाहून डॉक्टरांकडे जावे, दोघांनी एकाच दिवशी. पाळी फार अनियमित असेल तर त्याहीपूर्वी. फॉलिक अॅसिडची गोळी दिवस राहण्याच्या आधीपासून घ्यावी. आणि आमच्या झाडीपट्टीत, किंबहुना साऱ्या पूर्व विदर्भात, दोघांनीही सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. दोघेही वाहक असतील तर दर खेपेला चारात एक मूल रोगग्रस्त होण्याची शक्यता असते.

धानाचे फूल दिवसातून तास-दोन तासच उघडते. नेमका त्या वेळी पाऊस आला तर दाणा पोचट राहतो. पेरणी वेळेवर झाली, रोवणी नीट झाली, पाणी मिळाले, तरी हे होते, आणि बांधीच्या मालकाला कोणी नाव ठेवत नाही. एवढे औदार्य आपण शेताला दाखवतो. माणसाला, विशेषतः स्त्रीला, ते मिळत नाही, कारण तिच्या बाबतीत फूल केव्हा उघडते हेच आपण उच्चारलेले नसते. जे उच्चारले नाही त्यात नशिबाचा वाटा किती, हेही मग उमगत नाही आणि सारा दोष उरतो तो तिच्या कुशीचा.

पदवीच्या वर्गात ‘लीळाचरित्र’ शिकवताना चक्रधरांचा विटाळाविषयीचा विचार येतो. शरीराच्या इतर द्वारांतून जसे मळ बाहेर पडतात तसाच हाही एक स्राव, त्यात अपवित्र ते काय, असा त्याचा आशय. तेराव्या शतकात मराठीत हे बोलले गेले. वर्गात या ठिकाणी मुली वहीत पाहतात, मुले खिडकीबाहेर. आम्ही आता तेथे थांबतो आणि पाळीच्या पहिल्या चार दिवसांवरून पुढे येऊन मधल्या दिवसापर्यंत जातो; तो कसा येतो, किती तास टिकतो, त्यात दोघांचा वाटा कसा असतो, ते सांगतो. त्याला ‘ऋतू’ म्हणावे असे सुचवतो. पुत्राची रात्र, पापाची धमकी आणि पतीला दिलेली आज्ञा एवढे त्यातून वजा करावे, उरेल ते साधे ज्ञान. ते मुलांनाही कळावे, कारण मोजणे त्यांच्याही वाट्याला यायला हवे. गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत हा शब्द या अर्थाने, स्वतःहून, अचूक वापरला. आम्ही त्याला त्या प्रश्नाचे पूर्ण गुण दिले.